घोटीव सुरांमागचं काम

एखाद्या संगीतप्रकाराचं बारसं तो प्रकार ओसरून वीसेक वर्षं झाल्यावर व्हावं, तेही टिंगलीतून, आणि मग तेच नाव त्याला कायमचं चिकटावं, असं क्वचित होतं. 'यॉट रॉक'चं तसं झालं. २००५ साली जे. डी. रिझनर आणि त्याच्या मित्रांनी लॉस एंजेलिसमध्ये हौसेखातर एक छोटेखानी विनोदी मालिका केली आणि इंटरनेटवर टाकली. तिच्यात खोट्या दाढ्यामिश्या लावलेले नट सत्तरच्या दशकाच्या अखेरचे गायक-वादक साकारत होते. मायकल मॅकडॉनल्ड, केनी लॉगिन्स, 'स्टीली डॅन'ची जोडगोळी, 'टोटो'मधली पोरं ही त्यातली पात्रं, आणि 'स्मूद' संगीत निर्माण करणं हे त्यांचं जणू धर्मकार्य. मालिकेचं नाव 'यॉट रॉक'. त्याआधी ह्या गाण्यांना कुणी सॉफ्ट रॉक म्हणे, कुणी वेस्ट कोस्ट साउंड, जपानात त्यांना एओआर म्हणत. आज ती सगळी नावं मागे पडली. रेडिओवर यॉट रॉकची स्वतंत्र वाहिनी आहे, कप्तानाच्या पांढऱ्या टोप्या घालून हीच गाणी वाजवणारे बँड आहेत, आणि २०२४ साली एचबीओवर गॅरेट प्राइस दिग्दर्शित माहितीपटही आला. त्या माहितीपटासाठी स्टीली डॅनच्या डॉनल्ड फेगनला फोन केला, तेव्हा विषय कळताच त्याने एक शिवी हासडली आणि फोन ठेवून दिला. प्राइसने तो फोन माहितीपटात तसाच ठेवला आहे.

फेगनचा राग मला समजतो. विनोद म्हणून ते नाव फक्कड आहे. ऐकताच चित्र उभं राहतं: पांढरी विजार, हातात ग्लास, खाली निळं पाणी आणि डोक्याला कसलाही ताप नाही असा एक सुखवस्तू पुरुष. पण ह्या चित्रामुळे आपण गाणी ऐकायच्या आधीच त्यांच्याबद्दल मत बनवून बसतो. ही गाणी सुखाची, श्रीमंतीची, बिनडोक ऐषारामाची असणार, असं ते मत. मग ती आवडली तर ओशाळं हसत 'गिल्टी प्लेझर' म्हणायचं. मला ही गाणी आवडतात आणि त्याचं ओशाळेपण वाटत नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनंतरही ती टिकून का आहेत, ह्याचं उत्तर मला त्या नौकेत सापडत नाही. ते दोन ठिकाणी सापडतं. एक, गाण्यांतल्या हरलेल्या माणसांत. दोन, ती गाणी घडवणाऱ्या हातांत. नाव विनोदी पडल्यामुळे ह्या दोन्ही गोष्टी झाकल्या गेल्या आहेत.

नौकेवर कोण आहे?

ह्या प्रकाराचं सर्वांत नमुनेदार गाणं म्हणजे 'व्हॉट अ फूल बिलीव्ह्ज'. मॅकडॉनल्ड आणि लॉगिन्स यांनी ते मिळून लिहिलं. लॉगिन्सने ते आधी स्वतःच्या १९७८च्या अल्बमवर गायलं, मग मॅकडॉनल्डच्या 'डूबी ब्रदर्स'नी गायलं. डूबींचं गाणं १९७९च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि पुढच्या वर्षी त्याला 'साँग ऑफ द इयर' आणि 'रेकॉर्ड ऑफ द इयर' अशी दोन्ही ग्रॅमी मिळाली. रेडिओवर ते हलकंफुलकं, उड्या मारत जाणारं गाणं वाटतं. गोष्ट मात्र अशी: एका माणसाला जुन्या ओळखीची बाई भेटते. आपल्या दोघांत पूर्वी काही होतं, ते पुन्हा जुळेल, अशी त्याची खात्री आहे. तिच्या लेखी तसं काही नव्हतंच. ती सभ्यपणे वेळ मारून नेते आणि उठून जाते. तो मात्र आपल्या समजुतीला धरून बसतो, कारण ती सोडली तर त्याच्याकडे उरणार काय?

आता हे गाणं कसं वाजतं ते पाहा. कॉर्ड्स सतत सरकत राहतात, एका जागी बूड टेकत नाहीत. ध्रुवपदाशी येताना पट्टीच बदलते आणि मॅकडॉनल्डचा जाड, घोगरा आवाज एकदम वर फॉल्सेटोत चढतो. आपल्याच कल्पनेत तरंगणारा माणूस सुरांत असाच ऐकू येणार. त्या गाण्याचा गोडवा म्हणजे त्या माणसाची भ्रमिष्ट खुशी आहे. गाणं त्याला हसत नाही, रडतही नाही. त्याच्या डोक्यात जसं चाललंय तसं ते आपल्याला ऐकवतं, आणि बाहेरून पाहिलं तर काय दिसतं ते शब्दांत सांगतं. शब्द आणि सूर यांतली ही फट हीच ह्या गाण्याची जागा.

स्टीली डॅनकडे ही फट आणखी रुंद आहे. १९७७च्या 'एजा' ह्या अल्बमवरचं 'डीकन ब्लूज' घ्या. उपनगरात राहणारा एक सामान्य माणूस आपण जॅझचे सॅक्सोफोनवादक होणार, रात्र रात्र वाजवणार, पिणार आणि बेदरकारपणे मरणार असं स्वप्न रंगवतो. तो ह्यातलं काहीही करणार नाही हे ऐकणाऱ्याला कळतं, बहुधा त्यालाही कळतं. १९८०च्या 'गाउचो'वरचं 'हे नाइन्टीन' घ्या. त्यातल्या वयस्कर पुरुषाला एकोणीस वर्षांच्या मुलीशी बोलायला विषय सापडत नाही, कारण तिला अरीथा फ्रँकलिन ठाऊक नाही. ख्रिस्तोफर क्रॉसचं 'राइड लाइक द विंड' हे फाशीच्या भीतीने मेक्सिकोच्या सीमेकडे पळणाऱ्या गुन्हेगाराचं गाणं आहे. आणि ज्यात खरोखर नौका आहे, ते क्रॉसचंच 'सेलिंग'? त्यामागे बालपणीची आठवण आहे. घरात धड नसताना वयाने मोठा असलेला एक मित्र त्याला शिडाच्या बोटीतून न्यायचा, तेवढाच काळ सुटका असायची. म्हणजे नौका आहे ती मालकाची नव्हे. दुसऱ्याने थोडा वेळ बसू दिलेल्या पोराची आहे.

ह्या गाण्यांतला पुरुष आपल्याला काय होतंय ते सरळ सांगू शकत नाही. तो ओरडत नाही, गिटार फोडत नाही. तो शर्टाला इस्त्री करून, आवाज सावरून, सगळं ठीक असल्यासारखा बोलतो. हा माणूस रॉक संगीतात आधी फारसा नव्हता. तिथे बंडखोर होते, साधू होते, व्यसनी होते. नोकरी करणारा, चाळिशीकडे झुकलेला, आतून हललेला पण बाहेरून नीटनेटका माणूस इथे आला. असा माणूस तुमच्या-माझ्या ओळखीत असतोच. तो अमेरिकनच असायला हवा असं नाही.

सहज वाटण्याची किंमत

दुसरी गोष्ट कामाची. 'घोटीव' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. गुळगुळीत दगड नदीतही मिळतो, घोटीव वस्तूला मात्र कुणाचा तरी हात लागलेला असतो.

स्टीली डॅनने, म्हणजे फेगन आणि वॉल्टर बेकरने, १९७४ साली दौरे बंद केले आणि बँड जवळजवळ मोडून टाकला. उरले दोघं, एक निर्माता, एक ध्वनिमुद्रक आणि स्टुडिओ. त्यानंतर प्रत्येक गाण्यासाठी, कधी तर गाण्याच्या एका तुकड्यासाठी, हवा तो वादक बोलावायचा. 'एजा'च्या शीर्षकगीतात वेन शॉर्टरचा सॅक्सोफोन आणि स्टीव्ह गॅडचे ड्रम्स आहेत, दोघंही जॅझच्या दुनियेतले अव्वल. 'पेग' ह्या गाण्यातल्या छोट्याशा गिटार सोलोसाठी अर्ध्या डझनाहून जास्त नावाजलेले गिटारवादक येऊन वाजवून गेले. सगळे नापास. शेवटी जे ग्रेडनचा सोलो ठेवला. 'एजा'वर नंतर झालेल्या माहितीपटात बेकर आणि फेगन त्या नाकारलेल्या सोलोंच्या फिती लावून हसताना दिसतात. मला तो प्रसंग क्रूर वाटतो आणि लोभसही. नाकारलेलं वादन वाईट नाहीच. ते फक्त ह्या गाण्याचं नाही.

त्याच गाण्यात मागे मॅकडॉनल्ड आहे. तो एकटाच आपल्या आवाजाचे थर एकावर एक चढवतो. सूर इतके जवळजवळचे की दुसरा थर गाताना पहिल्याला चिकटून जाण्याची भीती. रेडिओवर हे सगळं एका चमकत्या रेघेसारखं ऐकू येतं. मागचा आवाज वेगळा काढून ऐकला की कळतं, तो एक माणूस घाम गाळून स्वतःशीच झुंजतोय. मॅकडॉनल्ड त्या काळात इतक्या जणांसाठी मागे गायला की कॅनडातल्या 'एससीटीव्ही' ह्या विनोदी कार्यक्रमाने तेव्हाच त्याच्यावर एक प्रवेश केला. त्यात रिक मोरॅनिस मॅकडॉनल्ड होऊन धावतपळत स्टुडिओत शिरतो, 'राइड लाइक द विंड'मधली आपली ओळ गातो आणि पुन्हा धावत सुटतो. २००५च्या मालिकेपेक्षा मला हा विनोद जास्त नेमका वाटतो. त्यात नौका नाही, हजेरी आहे. कामावर वेळेत पोचण्याची धडपड आहे.

ह्या कारागिरांत मला सर्वांत जवळचा जेफ पोर्कारो. त्याचे वडील जो पोर्कारो हे लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये काम करणारे तालवादक. जेफने विशीतच स्टीली डॅनच्या 'केटी लाइड' ह्या १९७५च्या अल्बमवरची जवळपास सगळी गाणी वाजवली. पुढच्याच वर्षी बॉझ स्कॅग्जच्या 'सिल्क डिग्रीज'वर तो होता. तिथे कीबोर्डला होता डेव्हिड पेच, म्हणजे संगीतसंयोजक मार्टी पेच यांचा मुलगा. ह्या दोघांनी १९७७मध्ये 'टोटो' हा बँड काढला, म्हणजे स्टुडिओ कामगारांच्या पोरांनी स्वतःचं दुकान थाटलं. आपल्याकडे अशा गोष्टीला आपण घराणं म्हटलं असतं. पॉप संगीताच्या समीक्षेत मात्र 'सेशन म्युझिशियन' हा बराच काळ टोमणा होता. ठरवून दिलेलं निर्जीवपणे वाजवणारा, आत्मा नसलेला भाडोत्री, असा त्याचा अर्थ.

१९८२च्या 'टोटो फोर'वरचं 'रोझॅना' ऐकताना फक्त ड्रम्सकडे लक्ष द्या. ठेका बर्नार्ड पर्डी ह्या कृष्णवर्णीय ड्रमरच्या प्रसिद्ध 'शफल'वरून आलेला आहे. पर्डीने तो स्टीली डॅनच्या 'होम अ‍ॅट लास्ट'मध्ये वाजवला होता. त्यात लेड झेपेलिनच्या जॉन बॉनमच्या एका ठेक्याचीही भर आहे. पोर्कारोने हे दोन्ही ऋण स्वतःच उघड सांगितलं होतं. ह्या ठेक्यात ठळक आघात थोडे. त्यांच्या मधल्या जागेत काठी स्नेअरवर जेमतेम टेकते, वाजली न वाजली असं वाटतं. ते बारीक आघात तुम्ही जाणीवपूर्वक ऐकत नाही. ते काढून टाकले तर मात्र गाणं लंगडं होईल. सहजता म्हणतात ती अशा न ऐकू येणाऱ्या शेकडो आघातांतून तयार होते. 'रोझॅना'ला 'रेकॉर्ड ऑफ द इयर' मिळालं. त्याच वर्षी टोटोची मंडळी मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'वरही होती. 'बीट इट'मध्ये ल्युकथरची गिटार आहे आणि 'ह्यूमन नेचर'ची मूळ रचना जेफचा भाऊ स्टीव्ह पोर्कारो याची. त्या दशकात अमेरिकेत रेडिओ लावला की ह्याच दहा-पंधरा लोकांचे हात ऐकू यायचे.

हिंदी सिनेसंगीत ऐकणाऱ्यांना हा वर्ग अपरिचित नाही. मुंबईच्या स्टुडिओंत गोव्याहून आलेल्या वादकांनी आणि संयोजकांनी तेच केलं. गाणं संगीतकाराच्या नावाने ओळखलं गेलं आणि वाजवणारे पडद्यामागे राहिले. फरक एवढाच की सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन अल्बमच्या वेष्टनावर गाण्यागणिक वादकांची नावं छापत. मी ह्या गाण्यांत खोल शिरलो तो त्या नावांच्या मागे मागे. एका अल्बमवर बेस वाजवणारा चक रेनी दुसरीकडे कुठे सापडतो, ह्या उत्सुकतेने माणूस स्टीली डॅनकडून थेट अरीथा फ्रँकलिनपर्यंत पोचतो.

व्याकरण कुणाचं?

आणि इथे अडचणीचा प्रश्न येतो. नौकेच्या चित्रात गोरे पुरुष आहेत. संगीतात काय आहे? सोल, रिदम अँड ब्लूज, जॅझ आणि फंक. रेनी आणि पर्डी कृष्णवर्णीय, शॉर्टर कृष्णवर्णीय. मॅकडॉनल्डच्या गळ्यात रे चार्ल्स आणि मार्विन गे बसलेले आहेत. त्याच्या १९८२च्या 'आय कीप फरगेटिन'चं साम्य चक जॅक्सनच्या १९६२मधल्या त्याच नावाच्या गाण्याशी इतकं होतं की त्या गाण्याच्या कर्त्यांना, लीबर आणि स्टोलर यांना, श्रेय द्यावं लागलं. १९७९च्या जुलैमध्ये शिकागोतल्या बेसबॉलच्या मैदानावर डिस्कोच्या तबकड्या जाहीरपणे स्फोटाने उडवल्या गेल्या. डिस्कोविरुद्धच्या त्या लाटेत कृष्णवर्णीय नृत्यसंगीताबद्दलचा राग मिसळलेला होता. त्यानंतरच्या दोन वर्षांत रेडिओवर तोच ताल गोऱ्या गळ्यांतून, जरा मऊ होऊन, सुखाने वाजत राहिला. १९८१च्या ग्रॅमी समारंभात ख्रिस्तोफर क्रॉसला एकाच रात्री चारही प्रमुख पुरस्कार मिळाले. असं त्याआधी कधी झालं नव्हतं, आणि नंतरही थेट २०२०मध्ये बिली आयलिशच्या वेळी झालं. क्रॉस गुणी होताच. पण कोणत्या मोसमात कोणाच्या पदरात काय पडतं, हे निव्वळ गुणांवर ठरत नाही.

मग हे उसनं, म्हणून फेकून द्यावं का? मला तसं वाटत नाही, कारण स्टुडिओच्या आतला व्यवहार बाहेरच्या बाजारापेक्षा गुंतागुंतीचा होता. जे ग्रेडन आणि डेव्हिड फॉस्टर यांनी बिल चॅम्पलिनबरोबर लिहिलेलं 'आफ्टर द लव्ह हॅज गॉन' हे 'अर्थ, विंड अँड फायर'ने गाऊन मोठं केलं. अल जॅरोचे अल्बम ग्रेडनने घडवले. जॉर्ज बेन्सन, क्विन्सी जोन्स, जेम्स इन्ग्रम हे सगळे त्याच खोल्यांत, त्याच वादकांबरोबर काम करत होते. माझी तक्रार 'यॉट रॉक' ह्या नावाविषयी आहे ती इथे. ते नाव हा सगळा संमिश्र कारखाना पुसून टाकतं आणि फक्त गोरा कप्तान शिल्लक ठेवतं. मूळ मालिकेच्या मंडळींना हे कळत होतं, हे त्यांच्या श्रेयाचं. नंतर ते आपल्या पॉडकास्टवर गाण्यांना शंभरपैकी गुण देऊ लागले. तिथे समुद्र, वाळू, बोट यांचे उल्लेख असूनही सोल आणि जॅझचा अंश नसलेली गाणी नापास होतात, ईगल्स आणि फ्लीटवुड मॅक बाहेर राहतात. बाजाराने मात्र त्यांची चाळणी घेतली नाही, टोपी तेवढी घेतली.

सगळी गाणी मोलाची आहेत असा माझा दावा नाही. ह्या शैलीत जेमतेम कल्पनेवर महागडा मुलामा चढवलेली गाणी ढिगाने आहेत. 'आफ्रिका'ची चाल आणि ठेका अव्वल, पण त्यातला खंड हा तिथे कधी न गेलेल्या माणसाने मनात रंगवलेला आहे आणि तो तसाच पोस्टरसारखा सपाट दिसतो. 'गाउचो'वर तर परिपूर्णतेच्या हट्टाचं रूपांतर आजारात झालं. मानवी ड्रमर पुरेसा अचूक वाटेना, म्हणून ध्वनिमुद्रक रॉजर निकोल्सने 'वेंडेल' नावाचं संगणकीय यंत्र बांधलं. त्याच अल्बमच्या कामात एक जवळजवळ पूर्ण झालेलं गाणं सहायकाच्या हातून चुकून पुसलं गेलं आणि ते पुन्हा उभं राहिलं नाही. इतकं घोटल्यावर कधी कधी वस्तू झिजते.

यंत्र आलं, मग काय उरलं?

हे युग संपलं ते चटकन. १९८१च्या ऑगस्टमध्ये एमटीव्ही सुरू झालं आणि गाण्याला चेहरा लागू लागला. क्रॉसच्या पहिल्या अल्बमवर त्याच्याऐवजी फ्लेमिंगो पक्षी होता. तो काळ आता गेला. त्याहून मोठा घाव यंत्रांचा. १९८०मध्ये खऱ्या ड्रम्सचे आवाज साठवलेलं लिन कंपनीचं ड्रम मशीन आलं, १९८३मध्ये यामाहाचा डीएक्स-७ सिंथेसायझर आला. जे काम करायला चार माणसं दुपारभर बसत, ते एका माणसाला एका टेबलावर जमू लागलं. मुंबईतल्या सिनेवादकांची कामंही पुढे अशाच यंत्रांनी हिरावली. जेफ पोर्कारो १९९२मध्ये, अवघ्या अडतिसाव्या वर्षी गेला.

म्हणून मला वाटतं, ह्या गाण्यांचं आजचं आकर्षण निव्वळ स्मरणरंजन नाही. ती ज्यांना आवडतात त्यांतले कितीतरी जण तेव्हा जन्मलेलेच नव्हते. आज कोणतंही गाणं सॉफ्टवेअरमध्ये क्षणात अचूक करता येतं. सूर ओढून जागेवर बसवता येतो, ठेका रेषेवर आणता येतो. यंत्राने आणलेली ही अचूकता आणि हातांनी मिळवलेली अचूकता यांतला फरक कानांना कळतो, सांगता आला नाही तरी. 'रोझॅना'चा ठेका रेषेवर नाही, रेषेच्या आजूबाजूला श्वास घेतो. त्यामागे खोलीत बसलेली, एकमेकांचं ऐकणारी माणसं आहेत. ती माणसं फार चांगलं काम करतायत आणि काम दिसू नये ह्याची काळजीही घेतायत. गाण्यातल्या पात्राचंही तेच चाललेलं असतं. त्याला दुःख दिसू द्यायचं नसतं, वादकाला मेहनत. ह्या दोन लपवण्या एकमेकींवर अचूक बसतात, तेव्हा 'व्हॉट अ फूल बिलीव्ह्ज'सारखं गाणं होतं.

ह्या संगीताला ज्यांनी टोपी न घालता ऐकलं, ते बहुतेक हिप-हॉपवाले होते. १९८९मध्ये डी ला सोलने 'पेग'चा तुकडा उचलला, १९९४मध्ये वॉरन जीने 'आय कीप फरगेटिन'वर 'रेग्युलेट' उभं केलं. कृष्णवर्णीय संगीतातून आलेली गोष्ट त्यांनी न लाजता, न हसता परत घेतली, कारण त्यांना तिच्यात बोट दिसत नव्हती, ठेका दिसत होता. २०१७मध्ये थंडरकॅट ह्या लॉस एंजेलिसच्या बेसवादकाने 'शो यू द वे' ह्या गाण्यासाठी मॅकडॉनल्ड आणि लॉगिन्स ह्या दोघांनाही बोलावलं. थंडरकॅटचे वडील आणि भाऊ दोघंही ड्रमर, म्हणजे तोही त्याच शहरातल्या वादकाच्या घरातला. गाण्यात दोन म्हाताऱ्यांना नमुना म्हणून मिरवलेलं नाही. ते येतात, आपापल्या ओळी गातात, आवाज सावरून आणि वेळेवर. तिघांच्या गळ्यांत तीस-पस्तीस वर्षांचं अंतर आहे, आणि कामाची शिस्त एकच आहे.